खांद्याजवळचं हाड मोडलंय आणि डॉक्टर म्हणतात 'छोट्या छेदातून करू' : घरच्यांसाठी मार्गदर्शक

घरातलं वयस्कर माणूस तोल जाऊन पडतं, हात टेकायला जातं किंवा थेट खांद्यावर आदळतं. फोटो काढल्यावर कळतं, दंडाचं हाड अगदी वरच्या टोकाला मोडलंय. मग कोणीतरी सांगतं, "हल्ली मोठं कापत नाहीत, छोट्या छेदातून होतं." सगळ्यांना हायसं वाटतं. माझ्या मावशीच्या वेळी मलाही वाटलं होतं. ती तेव्हा ७६ वर्षांची होती. पुढचं वर्षभर तिच्या हाताबरोबर राहिल्यावर कळलं, की छेद किती लांबीचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी विचारायचं ते हे : ऑपरेशन लागणारच आहे का, आणि केलं तर आतलं हाड स्क्रू धरून ठेवेल का?

ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील, पण त्यांच्या समोर बसल्यावर काय विचारायचं ते हातात असलं तर बरं.

पहिले दोन दिवस

घरी किंवा तातडीच्या विभागात सगळ्यात आधी त्या हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढा. काही तासांत बोटं सुजतात आणि मग अंगठी कापावी लागते. हात झोळीत (स्लिंगमध्ये) ठेवा, कोपर शरीराजवळ. मालीश करू नका, ओढून 'बसवायला' कोणाच्या हाती देऊ नका. या भागातून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसा जातात.

झोपताना त्रास होणार हे धरून चला. आडवं झालं की मोडलेले तुकडे हलतात, दुखणं वाढतं. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपवा आणि दंडाखाली एक छोटी उशी द्या, म्हणजे कोपर मागे लोंबत नाही. पहिले दोन-तीन आठवडे बहुतेकांना असंच झोपावं लागतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दंड काळानिळा होतो आणि तो रंग कोपरापर्यंत, कधी छातीच्या बाजूपर्यंत उतरतो. बघून धस्स होतं. पण हे मोडलेल्या हाडातून झिरपलेलं रक्त असतं. ते वजनाने खाली सरकतं आणि दोन-तीन आठवड्यांत पिवळं पडत विरून जातं. जे रक्त पातळ करणारी गोळी घेतात त्यांच्यात हे जास्त दिसतं. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण कोणती घेतात आणि शेवटची कधी घेतली हे पहिल्याच भेटीत सांगा.

आणखी एक तपासणी डॉक्टरांनी करायला हवी आणि तुम्हीही लक्षात ठेवायला हवी. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या गोलाईवर, हलकं बोट फिरवून बघतात की स्पर्श कळतो का. तिथली संवेदना ॲक्झिलरी नावाच्या नसेकडून येते, आणि हात वर उचलणारा डेल्टॉइड स्नायूही तिच्याच हुकमतीखाली असतो. पडण्याच्या धक्क्यानेच ही नस बधिर होऊ शकते. बहुतेक वेळा ती काही महिन्यांत सावरते. ऑपरेशनआधी तिची नोंद झाली असेल तर नंतर 'हे आधीचं की ऑपरेशनमुळे' असा वाद उरत नाही.

रिपोर्टवरचे शब्द

दंडाच्या हाडाचं वरचं टोक चार भागांत समजून घ्यायची पद्धत आहे. वरचा गोळा, जो खांद्याच्या वाटीत फिरतो. त्याच्या शेजारी दोन उंचवटे, एक मोठा, एक लहान. हात फिरवणाऱ्या रोटेटर कफ स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, या उंचवट्यांना चिकटलेल्या असतात. आणि खालचा लांब दांडा. अमेरिकेतले सर्जन कॉडमन यांनी १९३४ साली ही चार भागांची मांडणी केली आणि १९७० साली चार्ल्स नीअर यांनी तिच्यावर वर्गीकरण उभं केलं. ते आजही वापरात आहे. रिपोर्टवर 'टू-पार्ट', 'थ्री-पार्ट', 'फोर-पार्ट' लिहिलेलं असतं ते त्यांचंच.

इथे एक गंमत आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे घरचे उगाच घाबरतात. हाडाला किती ठिकाणी तडा गेलाय यावर हा आकडा ठरत नाही. एखादा तुकडा जागेवरून १ सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकला असेल किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त वळला असेल तरच तो वेगळा 'पार्ट' धरतात. म्हणजे चार तुकडे झालेत पण सगळे जागच्या जागी आहेत, तर नीअरच्या हिशेबात ते 'वन-पार्ट'. वृद्धांमधली या जागची बहुतेक फ्रॅक्चर अशी न सरकलेली किंवा थोडीच सरकलेली असतात, आणि ती झोळीत भरून येतात.

फोटो एका बाजूने काढून भागत नाही. समोरून, बाजूने आणि काखेच्या दिशेने असे निदान दोन-तीन कोनांतून हवेत, कारण गोळा वाटीतून मागे निसटला असेल तर समोरच्या फोटोत ते सुटू शकतं. ऑपरेशनचा विचार असेल तर सीटी स्कॅन करतात. त्यात उंचवटे नेमके कुठे सरकलेत आणि गोळ्याला चीर गेलीय का ते कळतं.

एका फोटोच्या रिपोर्टवर मावशीच्या वेळी 'सबलक्सेशन' असा शब्द होता. सांधा निसटलाय या कल्पनेने आम्ही रात्रभर जागे. सकाळी कळलं की मार बसल्यावर डेल्टॉइड स्नायू सैल पडतो, त्यामुळे गोळा वाटीत थोडा खाली लोंबल्यासारखा दिसतो. स्नायूत ताकद आली की तो आपोआप वर जातो. खरं निसटणं वेगळं असतं, आणि ते तातडीचं असतं. रिपोर्टमधला शब्द इंटरनेटवर शोधण्याआधी डॉक्टरांना विचारलं असतं तर एक झोप वाचली असती.

ऑपरेशन हवंच का?

हा भाग घाईत वाचू नका.

ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत मिळून प्रॉफर नावाचा एक मोठा अभ्यास झाला. हाड सरकलेले २५० रुग्ण घेतले, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला झोळी आणि व्यायाम. २०१५ साली निकाल आले. दोन वर्षांनंतर हाताचा वापर आणि दुखणं यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पुढे पाच वर्षांपर्यंत पाहिलं तरी चित्र तेच. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली सगळे अभ्यास एकत्र तपासले आणि त्यांचाही कौल तोच आला : बहुतेक सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये ऑपरेशनने वर्ष-दोन वर्षांनी हात जास्त चांगला चालतो असं दिसत नाही.

याचा अर्थ ऑपरेशन कधीच करू नये असा नाही. ज्यांना ते उघडच लागणार होतं असे रुग्ण प्रॉफरमध्ये घेतलेच नव्हते. गोळा वाटीतून निखळलाय, गोळ्याचेच दोन तुकडे झालेत, हाड कातडी फाडून बाहेर आलंय, रक्तवाहिनी दबलीय, दांडा आणि गोळा यांची गाठच पडत नाहीये, अशा वेळी झोळीवर भरवसा ठेवता येत नाही. मोठा उंचवटा वर-मागे सरकला असेल तर तो ५ मिलिमीटर सरकलेला असला तरी पुढे हात वर नेताना अडतो, म्हणून त्याला १ सेंटीमीटरची सवलत बरेच सर्जन देत नाहीत.

आणि माणसाचं रोजचं जगणंही मोजायला हवं. ज्या हाताने काठी किंवा वॉकर धरतात तोच हात मोडला असेल तर? एकटे राहतात का? दुसरा हात आधीच अधू आहे का? उलट बाजूला, विसराळूपणा इतका वाढलाय की ऑपरेशननंतरच्या सूचना पाळणं जमणारच नाही, किंवा हृदय-फुप्फुसं भूल सोसणार नाहीत, तर तेही पारड्यात टाकावं लागतं. डॉक्टरांना सरळ विचारा : "झोळीत ठेवलं तर वर्षभराने हात कुठपर्यंत जाईल, आणि ऑपरेशन केलं तर कुठपर्यंत?" 'पूर्वीसारखा होईल' या उत्तरावर थांबू नका. खांद्याच्या वर हात जाईल का, केस विंचरता येतील का, पाठीमागे हात पोचेल का, असं नेमकं विचारा.

विचार करायला वेळ असतो, पण फार नाही. साधारण आठवड्या-दहा दिवसांत निर्णय व्हावा. दोन-तीन आठवडे उलटले की तुकड्यांमध्ये नवं हाड धरू लागतं आणि मग छोट्या छेदातून ते हलवून जागेवर आणणं अवघड होत जातं. गोळा निखळला असेल तर मात्र ही सवड नाही.

छोटा छेद म्हणजे काय, आणि काय नाही

आधी एक गैरसमज. छोट्या छेदाचं ऑपरेशन म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन नव्हे. दुर्बीण सांध्याच्या आत जाते आणि ती मुख्यतः कंडरा शिवायला किंवा एखादा सुटलेला उंचवटा बसवायला वापरतात. इथे सर्जन बघतो ते सी-आर्मच्या पडद्यावर, म्हणजे चालू एक्स-रेवर. हाड उघडं न करता, पडद्यावर बघत, तुकडे जागेवर आणायचे आणि छोट्या वाटांनी धातू आत न्यायचा.

हे करायचं कशासाठी? व्रण लहान राहावा म्हणून नाही. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आजूबाजूच्या मऊ आवरणातून त्याच्यापर्यंत पोचतात. हाड मोडताना त्यातल्या काही तुटलेल्याच असतात. मोठा छेद घेऊन स्नायू बाजूला सारत, आवरण सोलत गेलं तर उरलेल्याही जाण्याची भीती. रक्त तुटलं की गोळ्याचं हाड मरतं आणि महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, खचतं. म्हणून जे आवरण शाबूत आहे त्याला हात न लावणं हा या पद्धतीचा गाभा.

गोळ्याचा रक्तपुरवठा शिल्लक आहे का याचा अंदाज फोटोवरून बांधतात. हर्टेल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलेल्या दोन खुणा सर्जनच्या बोलण्यात हमखास येतात. गोळ्याला खालच्या आतल्या बाजूला जोडून राहिलेला हाडाचा काठ ८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, आणि आतली बिजागरी, म्हणजे काखेकडच्या बाजूला गोळा आणि दांडा जिथे जुळतात ती जागा, २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल, तर गोळ्याचं रक्त तुटल्याची शक्यता बरीच. तरी रक्त तुटलेला प्रत्येक गोळा पुढे खचतोच असं नाही; काही पुन्हा तगतात.

ही 'आतली बिजागरी' मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. काखेकडच्या बाजूचं हाड एकमेकांना धरून असेल तर बाकीचं सावरता येतं. काही वेळा पडताना गोळा दांड्यात रुततो आणि बाहेरच्या बाजूला वळून तोंड वर करतो. फोटोत भयानक दिसतं, पण आतली बिजागरी बहुधा टिकलेली असते. खालून हलकेच उचलला की गोळा जागेवर येतो आणि बाजूला सरकलेले उंचवटे त्याच्या खाली आपोआप मिटतात. छोट्या छेदासाठी हे सगळ्यात सोयीचं फ्रॅक्चर. याउलट गोळा आतल्या बाजूला झुकलाय आणि तिथलं हाड चुरलंय, तर प्लेट असो वा रॉड, तो पुन्हा तिकडेच झुकायला बघतो.

तारा, प्लेट की रॉड

*तारा.* कातडीतून टोचून तारा घालतात. छेद जवळपास नसतोच. रक्तस्राव कमी, वेळ कमी. पण ठिसूळ हाडात तार सैल होते आणि सरकते, म्हणून टोकाला आटे असलेल्या तारा घेतात, दर आठवड्याला फोटो काढतात आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांत तारा काढून टाकतात. तोवर बाहेर राहिलेल्या टोकांची निगा घरच्यांनाच ठेवावी लागते. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचे हर्बर्ट रेश यांनी तारा एका धातूच्या ठोकळ्यात अडकवून त्या मागे सरकू नयेत अशी सोय केली; वृद्धांसाठी ती पद्धत काही ठिकाणी वापरतात. हाड फार पोकळ असेल तर नुसत्या तारांवर माझा तरी भरवसा बसला नसता.

*प्लेट.* सध्या सगळ्यात जास्त ऐकू येणारा पर्याय. खांद्याच्या टोकापासून खाली साधारण ४ ते ५ सेंटीमीटरचा एक छेद आणि दंडावर खाली दुसरा, त्याहून लहान. वरच्या छेदातून डेल्टॉइड स्नायूचे तंतू न कापता फाकवतात आणि प्लेट हाडाला चिकटून खाली सरकवतात. मधला पूल कातडी आणि स्नायूखाली झाकलेलाच राहतो, आणि त्याला कारण आहे : ॲक्झिलरी नस खांद्याच्या हाडाच्या काठापासून ५ ते ७ सेंटीमीटर खाली, स्नायूच्या आतल्या अंगाने आडवी जाते. म्हणून वरचा छेद तिच्या आधी थांबतो आणि प्लेटची त्या पातळीवरची भोकं मोकळी सोडतात. नंतर फोटोत "इथे स्क्रू का नाहीत?" असं विचारावंसं वाटलं तर उत्तर हेच.

या प्लेटच्या स्क्रूंच्या माथ्याला आटे असतात आणि ते प्लेटमध्येच घट्ट बसतात, म्हणून हाड मऊ असलं तरी चौकट ढिली होत नाही. तरी आतलं हाड पोकळ असेल तर स्क्रू तसेच राहतात आणि गोळा त्यांच्यावर खाली बसतो. मग स्क्रूचं टोक गोळ्यातून बाहेर येऊन सांध्याची वाटी खरवडतं. या ऑपरेशनचा सगळ्यात कटकटीचा त्रास हाच. तो टाळायला सर्जन तीन गोष्टी करतात : आतल्या बिजागरीला खालून टेकू देणारे तिरके स्क्रू घालतात, उंचवट्यांना चिकटलेल्या कंडरांतून मजबूत धागे ओवून ते प्लेटला बांधतात, आणि काही वेळा स्क्रूच्या टोकाशी हाडाचं सिमेंट भरतात. "यांच्या हाडासाठी यातलं काय करणार?" असं विचारा. हाडाची ताकद साध्या फोटोवरूनही थोडीफार कळते. दांड्याची भिंत किती जाड आहे ते सर्जन मोजून बघतात.

*रॉड.* दांड्याच्या पोकळीत वरून रॉड घालतात. मोड उंचवट्यांच्या खाली, दंडाच्या हाडाच्या मानेपाशी असेल तर हा चांगला पर्याय. तोटा एवढाच की वाट रोटेटर कफमधून जाते, आणि वयामुळे ती कंडरा आधीच झिजलेली असते. हल्लीचे सरळ रॉड गोळ्याच्या माथ्यातून शिरतात, त्यामुळे कंडरा हाडाला जिथे चिकटते ती नाजूक जागा वाचते.

आणि जिथे यातलं काहीच टिकणार नाही, म्हणजे गोळा फुटलाय, चुरा झालाय आणि कंडराही गेलीय, तिथे सांधा बदलण्याची सूचना येते. वृद्धांमध्ये बहुधा उलटा सांधा, ज्यात गोळा वाटीच्या जागी आणि वाटी दंडाच्या हाडावर बसवतात. फ्रान्समधल्या पॉल ग्रामोंट यांनी १९८५ च्या सुमारास हा घडवला. ते छोट्या छेदाचं काम नाही, पण 'मोठं ऑपरेशन' म्हणून घाबरून नाकारूही नका. चुकीच्या जागी केलेलं छोटं ऑपरेशन दुसऱ्यांदा टेबलावर नेतं.

एक प्रश्न संकोच न करता विचारावा : "तुम्ही या पद्धतीची किती ऑपरेशनं केलीत, आणि मध्येच हाड बसलं नाही तर काय कराल?" पडद्यावर बघत हाड बसवणं हे हाताच्या सवयीचं काम आहे. न बसलेलं हाड छोट्या छेदाच्या हट्टापायी तसंच ठेवून स्क्रू मारण्यापेक्षा छेद वाढवणं केव्हाही बरं. म्हणून संमतीपत्रावर 'गरज पडल्यास उघडून' असं लिहिलेलं असलं तर ते चांगलं लक्षण समजा.

भूल आणि त्या दिवसाची रात्र

बहुधा पूर्ण भूल आणि जोडीला मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करणं, असं दोन्ही करतात. मानेतल्या इंजेक्शनने त्या बाजूचा श्वासपटलही काही तास सुस्तावतो. निरोगी माणसाला कळत नाही, पण दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाला जड जाऊ शकतं. तेव्हा श्वासाचा आजार असेल तर भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा. त्यांच्याकडे दुसरे मार्ग असतात. इंजेक्शननंतर त्या बाजूची पापणी जरा खाली आली किंवा आवाज बसला, तर तो त्याचाच तात्पुरता परिणाम असतो.

आता ज्या चुकीची किंमत आम्ही मोजली ती. बधिरपणा साधारण १२ ते २४ तास टिकतो. मावशी संध्याकाळी अगदी मजेत होती, "काहीच दुखत नाही" म्हणून तिने गोळी नाकारली, आणि आम्हीही आग्रह केला नाही. पहाटे दोनला बधिरपणा उतरला आणि दुखणं एकदम अंगावर आलं. बधिरपणा असतानाच वेळेवर गोळी सुरू करायची असते हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारून घ्या. मूत्रपिंड किंवा पोटाचा त्रास असेल तर कोणती वेदनाशामक चालत नाही हेही लिहून ठेवा. जोरकस गोळ्यांनी वृद्धांना गुंगी आणि बद्धकोष्ठ होतं.

पहिल्या दोन-तीन रात्री काही वृद्ध भ्रमात बोलतात, माणसं ओळखत नाहीत. चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच हाती देणं, ओळखीचा माणूस जवळ असणं, दिवसा उजेड आणि रात्री अंधार ठेवणं याने फरक पडतो. बहुतेक वेळा हे ओसरतं, पण डॉक्टरांना सांगा, कारण मागे जंतुसंसर्ग किंवा औषध असू शकतं.

पुढचे तीन महिने

बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. मूठ उघडा-मिटा, कोपर सरळ करा-वाकवा, दिवसातून चार-पाच वेळा. खांदा सांभाळण्याच्या नादात कोपर आखडलेली माणसं मी फिजिओच्या खोलीत पाहिलीत.

खांद्याचा पहिला व्यायाम म्हणजे लंबकासारखा. तो कधी सुरू करायचा हे सर्जनला हाडाची पकड किती भक्कम वाटली त्यावर ठरतं. अनेकदा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच. टेबलाला चांगला हात टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि कंबर हलवा. हात कमरेच्या हेलकाव्याने फिरतो, खांद्याच्या जोराने नाही. बहुतेकजण हात मुद्दाम फिरवतात, आणि मग तो व्यायाम तो राहत नाही. तोल जात असेल तर बसून करा.

साधारण सहा आठवड्यांपर्यंत दुसऱ्याच्या किंवा चांगल्या हाताच्या मदतीने हालचाल. निजून, दोन्ही हातांत काठी धरून, चांगल्या हाताने दुखरा हात वर नेणं हा त्यातला नेहमीचा. मोठा उंचवटा बसवला असेल तर या काळात हात स्वतःच्या जोराने बाजूला उचलणं, बाहेर फिरवणं आणि पाठीमागे नेणं टाळतात, कारण त्याने बांधलेला तुकडा ओढला जातो. फोटोत हाड धरताना दिसलं की स्वतःच्या ताकदीने हात उचलणं, भिंतीवर बोटांनी चढणं. वजन आणि रबरी पट्टा दहा-बारा आठवड्यांनंतर. आठवड्यांचे हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या सर्जनने फिजिओला जे लिहून दिलंय तेच खरं.

रोजच्या बारीक गोष्टी कोणी शिकवत नाही. कपडा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पुढून उघडणारे कपडे सोपे. काख रोज कोरडी करा : पुढे वाकून हात लोंबू दिला की ती उघडते. तिथे घाम साचून कातडी सोलवटते आणि जखम तिथून जवळच असते. खुर्चीतून उठताना त्या हातावर भार देऊ नका. ही सवय इतकी जुनी असते की शेजारी बसून आठवण करावी लागते. आणि झोळीमुळे तोल बिघडतो हे विसरू नका. एक हात बांधलेला माणूस घसरला तर सावरायला हात मोकळा नसतो.

हे दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका : जखमेतून पू किंवा सतत पाझर, ताप, बोटं गार किंवा पांढरी पडणं, मुंग्या-बधिरपणा वाढत जाणं, पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, किंवा चांगला चाललेला हात अचानक कट्-कट् वाजून दुखू लागणं. शेवटचं लक्षण स्क्रूने गोळा भेदल्याचं असू शकतं. खांद्याच्या कातडीवर राहणारा एक जंतू फार संथ काम करतो, तेव्हा महिन्यांनी सुरू झालेलं न थांबणारं दुखणंही दाखवून घ्यावं.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जास्त होते, मग वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, हळूहळू. मावशीचा हात खांद्याच्या थोडा वर जातो. वरच्या फळीसाठी ती स्टूल न घेता कोणाला तरी हाक मारते, आणि मला तेच बरं वाटतं. प्लेट काढायची का असं लोक विचारतात. त्रास देत नसेल तर वृद्धांमध्ये सहसा काढत नाहीत.

ठिसूळ हाडाचं औषध

उभ्या उंचीवरून पडून हे हाड मोडलं तर ते हाड ठिसूळ झाल्याची जवळजवळ कबुलीच असते. मनगट, मणके, खुबा आणि खांदा ही ठिसूळ हाडं मोडण्याची नेहमीची ठिकाणं, आणि खांदा मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात खुबा मोडण्याचा धोका विशेष वाढलेला असतो. म्हणून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम, आणि ठिसूळपणावरचं औषध यांबद्दल त्याच महिन्यात बोला. डेक्साचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर निदान पक्कं. पण असं फ्रॅक्चर झालेलं असेल तर आकडा तितका खाली नसतानाही औषध देतात. सोबत माणूस कशामुळे पडला, हेही शोधा : रात्रीची झोपेची गोळी, उभं राहताना खाली जाणारा रक्तदाब, मोतीबिंदू, सैल चपला, पलंगापासून न्हाणीपर्यंतचा अंधार.

आणि औषध नक्की कोण सुरू करणार हे नावानिशी ठरवून घ्या. आमच्याकडे सर्जनना वाटलं फिजिशियन देतील, फिजिशियनना वाटलं सर्जननी दिलं असेल. मधले तीन महिने गोळी सुरूच झाली नव्हती.